क्विल्टवरची कादंबरी घ्यावी की क्विल्टचं पुस्तक? दोन्ही वाचून झाल्यावरचं माझं मत

हा प्रश्न हल्ली बऱ्याच जणी विचारतात, खास करून ज्या नव्याने अमेरिकेत आल्यात, पहिला मोठा हिवाळा समोर दिसतोय आणि सूटकेसमधून आणलेल्या आईच्या दोन-चार जुन्या साड्यांचं काहीतरी करावं असं मनात आहे. लायब्ररीत गेलं की एकीकडे कादंबऱ्यांच्या कपाटात क्विल्टवरच्या (म्हणजे कापडाचे तुकडे जोडून, थर टाचून शिवलेल्या इथल्या गोधडीवरच्या) कादंबऱ्यांची अख्खी रांग असते, आणि दुसरीकडे ७४६.४६ या नंबराखाली जाडजूड रंगीत पुस्तकं. कार्डावर दोन्ही घेता येतात हे खरं, पण वाचायला वेळ रात्री झोपायच्या आधीचा तेवढाच, त्यामुळे आधी काय हा प्रश्न उरतोच. मी काही अभ्यासक वगैरे नाही, सवड मिळेल तशी वाचणारी आहे, पण पेनसिल्व्हेनियात राहून दोन्हीकडचं बऱ्यापैकी वाचलंय आणि माझ्यापुरता निकाल लावलाय, तो सांगते.

आधी कादंबऱ्या, कारण माझीही सुरुवात तिथूनच झाली. 'एल्म क्रीक क्विल्ट्स' नावाची एक मोठी मालिका आहे, पहिलं पुस्तक 'द क्विल्टर्स अप्रेंटिस' १९९९ चं. ती पेनसिल्व्हेनियातच घडते, म्हणून मी मुद्दाम घेतली. एक तरुण मुलगी नवऱ्याच्या नोकरीसाठी छोट्या गावात येते, तिला काम मिळत नाही, एका जुन्या मोठ्या घरात साफसफाईला मदत करायला लागते आणि तिथल्या तिरसट आजीबाई तिला क्विल्ट शिवायला शिकवतात. नवऱ्यामागे परक्या गावात आलेली, हातात डिग्री असून घरी बसलेली बाई, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना वेगळं सांगायला नको, त्यामुळे पुस्तक पटकन आपलं वाटतं. वाचायला सोपं, भांडणं होतात पण मिटतात, आणि मिटवताना कोणीतरी शिवत बसलेलं असतं. थंडीच्या दिवसांत फार बरं वाटतं असलं वाचायला, आणि तेही एक कामच आहे पुस्तकाचं, मी ते कमी लेखणार नाही.

या कादंबऱ्यांनी मला एक गोष्ट दिली जी कुठल्याच तंत्राच्या पुस्तकाने दिली नसती, ती म्हणजे शिवणाऱ्या बायकांची बैठक. लाकडी फ्रेमवर क्विल्ट ताणलेली, तिच्या चारी बाजूंनी बायका बसलेल्या, प्रत्येकीसमोर तिचा तिचा तुकडा, मध्येच कोणाच्या सुनेचा विषय निघतो आणि सगळ्यांच्या सुया थांबतात. 'हाऊ टू मेक ॲन अमेरिकन क्विल्ट' ही १९९१ ची कादंबरी तर पूर्ण अशाच एका मंडळावर आहे, आणि तिच्यात गोष्टींच्या मध्ये मध्ये चक्क सूचना येतात, कापड कसं निवडा, टाका कसा घ्या, आणि त्या सूचना बघता बघता संसाराबद्दल बोलायला लागतात. यावर १९९५ साली सिनेमाही निघाला. ही कादंबरी मला आवडली, फक्त तिच्यात बायका इतक्या आहेत की चार दिवस खंड पडला की कोण कोणाची बहीण आणि कोणाचा नवरा कोणाबरोबर गेला हे परत मागे जाऊन बघावं लागतं, आणि माझं वाचन म्हणजे खंडच जास्त.

आणि सगळ्यात वरची म्हणाल तर 'एलियस ग्रेस'. १९९६ ची कॅनडातली कादंबरी, १८४३ सालच्या एका खऱ्या खून खटल्यावरची. ग्रेस मार्क्स नावाची मोलकरीण, मालक आणि त्याची घर सांभाळणारी बाई दोघांचे खून झालेले, ती मालकाच्या खुनात दोषी ठरलेली, कैदेत असताना एक डॉक्टर तिच्याशी रोज बोलायला येतो आणि ती बोलता बोलता शिवत असते. पुस्तकाचे पंधरा भाग आहेत आणि प्रत्येक भागाला क्विल्टच्या एकेका पॅटर्नचं नाव आहे, ब्रोकन डिशेस, सीक्रेट ड्रॉवर, सॉलोमन्स टेम्पल, पँडोराज बॉक्स अशी. शेवटी ती स्वतःसाठी एक क्विल्ट शिवायला घेते आणि त्यात कोणाकोणाच्या कपड्याचे तुकडे घालते ते मी सांगत नाही, ते वाचायलाच हवं. माझ्या मते शिवण काय असतं हे पुरतं कळून लिहिलेली ही कादंबरी आहे.

आता माझी अडचण. ती इतकी साधी आहे की सांगितल्यावर काही जणी म्हणतात, एवढंच? पण माझ्यासाठी सगळा निकाल तिच्यावरच लागला. कादंबरीत क्विल्ट दिसत नाही.

म्हणजे बघा, पानभर वर्णन असतं, अमुक निळा, तमुक लाल, आजीच्या लग्नातल्या झग्याचा तुकडा मध्यभागी, कडेने वेलबुट्टी, आणि वाचणारीच्या डोळ्यासमोर काहीही येत नाही, किंवा प्रत्येकीच्या डोळ्यासमोर वेगळं येतं. साडीचं तसं नसतं, 'हिरव्या खणाची चोळी' म्हटलं की आपल्याला दिसते, कारण ती आपण जन्मभर पाहिलीय. पण 'ड्रंकर्ड्स पाथ' म्हटल्यावर मराठी घरातल्या बाईला काय दिसणार? तो पॅटर्न म्हणजे एक चौकोन, त्याच्या एका कोपऱ्यात पाव गोल कापून वेगळ्या रंगाचा बसवलेला, बस एवढाच ब्लॉक, आणि तोच फिरवून फिरवून लावला की अख्ख्या क्विल्टवर एक झिंगलेली वाट वळत गेल्यासारखी दिसते. हे चित्रात बघायला क्षणभर लागतो. कादंबरीत मात्र नाव येतं, नायिकेला त्या नावावरून आपला दारुडा बाप आठवतो, आणि प्रकरण संपतं, ब्लॉक तसाच राहतो. बरं, मुखपृष्ठ बघावं तर तिथे बहुतेक वेळा भलतीच क्विल्ट. एका कादंबरीत गोष्ट सगळी लॉग केबिनची, म्हणजे मध्ये छोटा चौकोन आणि त्याच्याभोवती पट्ट्या पट्ट्या, आणि मुखपृष्ठावर एकमेकांत अडकलेल्या गोल कड्यांची डबल वेडिंग रिंग. छापणाऱ्यांना दोन्ही सारखंच असेल, पण तीनशे पानं जी वस्तू मी मनात उभी करायचा प्रयत्न करतेय ती निदान मुखपृष्ठावर तरी खरी द्या ना.

मला वाटतं (चूकही असेल, पण इतक्या वाचून हेच वाटायला लागलंय) की दाखवता येत नाही म्हणूनच या कादंबऱ्यांमध्ये क्विल्टच्या पोटात कायम काहीतरी गुपित ठेवावं लागतं. अस्तरात पत्र सापडतं, कोपऱ्यात कोणाची तरी आद्याक्षरं, टाक्यांमध्ये नकाशा. नुसती अंगावर घ्यायला शिवलेली, धुऊन धुऊन विरलेली क्विल्ट कादंबरीत फारशी येत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे गुलामगिरीतून पळणाऱ्या लोकांना वाट कळावी म्हणून अंगणात विशिष्ट पॅटर्नच्या क्विल्ट वाळत घालायचे ही गोष्ट. १९९९ मध्ये एका कुटुंबात चालत आलेल्या आठवणीवरून यावर एक पुस्तक निघालं, ते खूप खपलं, आणि तिथून ही कल्पना कादंबऱ्यांत, मुलांच्या पुस्तकांत, शाळेत सगळीकडे गेली. इतिहासकारांचं म्हणणं असं की याला पुरावा नाही, पळून आलेल्या लोकांनी स्वतः ज्या हकिगती सांगून ठेवल्यात त्यातही असल्या खुणांच्या क्विल्टचा उल्लेख नाही. पण गोष्ट इतकी सुंदर आहे की ती थांबत नाही. मला याचा त्रास होतो, कारण त्या काळात गुलाम बायकांनी खरोखर शिवलेल्या काही क्विल्ट आजही शिल्लक आहेत, संग्रहालयात आहेत, त्यांच्याकडे बघायचं सोडून आपण नसलेले नकाशे शोधत बसतो.

क्विल्टच्या पुस्तकांकडे वळते. यात सगळं सरसकट चांगलं आहे असं अजिबात नाही. साधारण तीन जाती आहेत. पहिली शिकवणारी, ती एकच पुरते, दुसरी घेऊ नका, कारण प्रत्येकीत पहिली तीस-चाळीस पानं तीच असतात, रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याचा) कसा धरा, पाव इंचाची शिलाई सोडा, इस्त्री घासू नका नुसती दाबा. (रोटरी कटर १९७९ मध्ये ओल्फा कंपनीने काढला आणि त्यानंतरची सगळी पुस्तकं त्यावरच चालतात, त्याआधीची जुनी पुस्तकं वाचलीत तर कात्री आणि पुठ्ठ्याचे साचे. मला स्वतःला ती जुनी पद्धत साडीच्या कापडावर जास्त जमते, कारण जुनी सुती साडी कटरखाली सरकते.) दुसरी जात म्हणजे नुसत्या प्रोजेक्टची पुस्तकं, एकात दहा-बारा क्विल्ट, फोटो सुरेख, आणि कापड मोजलेलं फॅट क्वार्टरमध्ये, म्हणजे अठरा बाय बावीस इंचाचा तुकडा, जो इथल्या दुकानात सहज मिळतो पण भारतात मागितला तर दुकानदार तोंडाकडे बघत राहतो. 'सोपं' असा शिक्का असलेलं सोपं निघेलच असं नाही. फोटोतलं कापड तर तुम्ही पुस्तक उघडेपर्यंत बाजारातून गेलेलं असतं. आणि जाड पुस्तक टेबलावर उघडं राहत नाही, दोन्ही हात कापडात गुंतलेले आणि पान आपोआप मिटतंय, याने माझा जीव जातो.

एवढं सगळं असूनही मी पुस्तकांच्या बाजूची आहे, ती तिसऱ्या जातीमुळे. जुन्या क्विल्ट शोधून, त्यांचे फोटो काढून, कोणी, कुठे, कधी, कशाची शिवली हे लिहिलेली पुस्तकं. १९८१ मध्ये केंटकी राज्यात हे काम पद्धतशीर सुरू झालं, लोकांना सांगितलं की घरातल्या क्विल्ट घेऊन या, आम्ही बघतो, नोंद करतो, फोटो काढतो आणि तुमची तुम्हाला परत देतो. त्यानंतर एकेक राज्य करत गेलं आणि त्यातून पुस्तकं निघाली. लायब्ररीत ती बहुतेक खालच्या खणात असतात कारण आकाराने मोठी. वाकून बघा.

यातलं माझं सगळ्यात जवळचं म्हणजे 'द क्विल्ट्स ऑफ जीज बेंड', २००२ चं. जीज बेंड ही अलाबामा नदीच्या वळणातली छोटी काळ्या लोकांची वस्ती, पूर्वी कापसाचा मळा होता, तिथल्या गुलामांचे वंशज अजून तिथेच, आणि मळ्याच्या मालकाचं पेटवे हे आडनाव अजून निम्म्या गावाला. त्यांच्या क्विल्ट २००२ मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये लागल्या, मग न्यूयॉर्कला गेल्या, २००६ मध्ये अमेरिकन पोस्टाने त्यांची तिकिटं काढली. पण पुस्तकात बघायचं ते हे नाही. एक पान आहे मिझुरी पेटवे यांच्या १९४२ सालच्या क्विल्टचं. नवरा वारला, तेव्हा त्यांनी त्याचे शेतात कामाला घालायचे कपडे घेतले आणि त्याची क्विल्ट शिवली, त्याची आठवण म्हणून अंगावर घ्यायला. मुलगी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, तिने हे पुढे सांगितलं म्हणून आपल्याला माहीत. क्विल्ट म्हणजे उभ्या आडव्या पट्ट्या, निळा, राखाडी, विटका पांढरा, मध्ये लाल, कुठे काही सरळ नाही. याच गावातल्या कामाच्या कपड्यांच्या इतर क्विल्टमध्ये पँटीचा खिसा उसवून काढलेला असतो तिथे खालचं कापड गडद राहिलेलं दिसतं, बाजूचं सगळं उन्हाने फिकं. तो खिशाच्या आकाराचा गडद चौकोन मी कितीतरी वेळ बघत बसले होते. गुपित काहीही नाही, सगळं समोर आहे, आणि शेजारी चार ओळींचा मजकूर. ज्या गोष्टीसाठी कादंबरीला तीनशे पानं लागतात ती मला त्या एका पानात मिळाली, असं मी म्हटलं तर कादंबरीवाल्या मैत्रिणी रागावतील, पण मला मिळाली.

तसंच धान्याच्या पोत्यांचं. १९३० च्या मंदीच्या काळात इथे पीठ आणि कोंबड्यांचं खाद्य फुलाफुलांच्या छापील सुती पोत्यांत यायचं, बायका पोतं उसवून त्याचे फ्रॉक आणि उरलेल्याच्या क्विल्ट शिवायच्या. चांगल्या पुस्तकात फोटो इतका जवळून असतो की पोत्याची शिवण उसवल्यावर राहिलेली भोकांची ओळ दिसते, पुन्हा पुन्हा धुऊनही न गेलेली. माझ्या आईकडे साताऱ्याला आजीची एक वाकळ आहे, तिच्या आतल्या थराला अशीच भोकं आहेत, तिथे नऊवारीचा फाटलेला पदर आधी एकदा रफू करून मग उसवलेला आहे. हे मला पूर्वीही दिसत होतं पण मी कधी विचारलं नव्हतं, ही पुस्तकं वाचायला लागल्यावर व्हिडिओ कॉलवर आईला वाकळ उलटी करायला लावली आणि एकेक तुकडा विचारला. हा मोठ्या मामीचा, हा बारशाचा, हे अस्तर आजोबांच्या धोतराचं. क्विल्टची पुस्तकं सारखी एक गोष्ट बजावतात, की मागच्या बाजूला कापडाची छोटी पट्टी लावा आणि नाव, गाव, साल लिहा. आईने लावली, बॉलपेनने नाही, दोऱ्याने लिहून. कुठल्याही कादंबरीने आमच्या घरात एवढं केलेलं नाही.

मग कादंबऱ्या कोणी घ्याव्यात? ज्यांना शिवायचं नाहीच, नुसतं वाचायचंय, त्यांनी खुशाल घ्याव्यात, त्यांना माझी अडचण जाणवणारही नाही कदाचित. मुंबईच्या लांबलचक फ्लाइटला तर कादंबरीच बरी, मोठ्या आकाराचं फोटोचं पुस्तक सीटवर उघडताच येत नाही. आणि एक गोष्ट मी मान्य करते जी क्विल्टच्या पुस्तकाला कधीच जमणार नाही, शिवताना ऐकणं. हाताने धावदोरा घालत बसलं की डोळे आणि हात गुंतलेले पण कान मोकळे, तेव्हा ऑडिओबुकसारखं दुसरं काही नाही. 'एलियस ग्रेस' मी वाचलीही आणि शिवताना ऐकलीही, आणि ऐकताना ती जास्त पोचली, कारण ग्रेसही शिवत शिवतच सांगत असते.

पण त्यातही माझा आग्रह राहील की आधी थोडे दिवस पुस्तकं चाळा. निदान पंचवीस-तीस पॅटर्न नावाने ओळखता येऊ देत, लॉग केबिन, नाइन पॅच, फ्लाइंग गीझ, बेअर्स पॉ, एवढे तरी. मग कादंबरीत नाव आलं की समोर काहीतरी उभं राहतं आणि लिहिणारीने तेच नाव का घेतलं असेल तेही कळायला लागतं. 'द लास्ट रनअवे' नावाची २०१३ ची कादंबरी आहे, १८५० मध्ये इंग्लंडहून ओहायोत आलेल्या क्वेकर (एका ख्रिश्चन पंथातल्या) मुलीची, तिला तिकडची कागदावर शिवलेली बारीक षटकोनी पॅचवर्कची सवय आणि इथल्या बायकांची वरून कापडाचे आकार ठेवून टाचलेली लाल-हिरवी ॲप्लिके तिला भडक वाटते. दोन्ही प्रकार डोळ्यांनी पाहिलेले असतील तर त्या मुलीचा परकेपणा तिथेच समजतो, नसतील तर ते नुसतं शिवणकामाचं बोलणं वाटून पान उलटलं जातं. मी दुसऱ्यांदा वाचली तेव्हा जणू वेगळंच पुस्तक होतं.

काही बारीकसारीक. बार्बरा ब्रॅकमन यांचा पॅटर्नचा कोश आहे, चार हजारांच्या वर ब्लॉक, चित्रासकट, तो विकत घ्यायची गरज नाही, बहुतेक लायब्ररीत तिथेच बसून बघता येतो, कादंबरी वाचताना अडलेली नावं कागदावर लिहून न्या. पैसे घालवायचेच नसतील तर मेरी वेब्स्टर यांचं १९१५ चं 'क्विल्ट्स: देअर स्टोरी अँड हाऊ टू मेक देम' ऑनलाइन फुकट मिळतं, अमेरिकेत नुसत्या क्विल्टवर निघालेलं ते पहिलं पुस्तक मानतात, भाषा जुनी आहे पण इतिहास आणि शिवण दोन्ही एकात आहे. किंडलवर कादंबरी चालते, क्विल्टचं पुस्तक मात्र छापीलच घ्या, कारण छोट्या स्क्रीनवर साच्याचं माप खरं राहत नाही आणि फोटो मोठा केला की मजकूर पळतो. एल्म क्रीकवाल्या लेखिकेने कादंबऱ्यांमधल्या क्विल्टची पॅटर्न पुस्तकंही काढलीयेत, ज्यांना ती मालिका आवडेल त्यांनी दोन्ही शेजारी ठेवून वाचावं, माझी तक्रार तिथे निम्मी तरी मिटते.

आणि लायब्ररीतून पॅटर्नचं पुस्तक घरी आणताना शेवटच्या कव्हरच्या आतला कागदी खिसा काउंटरवरच उघडून बघा. साच्यांचा घडी घातलेला मोठा कागद तिथे असतो, आणि आधीच्या कोणीतरी तो ठेवून घेतलेला असेल तर पुस्तक घरी नेऊन काही उपयोग नाही.